दोन रकान्यांचा एकच सॉर्ट आणि एकामागून एक केलेले दोन सॉर्ट

‘यादी तालुक्यानुसार आणि तालुक्यात क्विंटलनुसार लावा,’ असे सांगितले की कापूस खरेदीची नोंद ठेवणारे अनेक जण आधी तालुक्याच्या रकान्यावर सॉर्ट करतात, म्हणजे ओळी क्रमाने लावतात, आणि मग क्विंटलच्या रकान्यावर दुसरा सॉर्ट करतात. सांगण्याचा क्रम पाळला गेला असला तरी मागितलेली यादी त्यातून मिळत नाही.

समजा, पाच नोंदी अशा आहेत: राळेगाव १२, कळंब ९, वणी ३०, राळेगाव २५, कळंब १८. एक्सेलच्या सॉर्ट खिडकीत पहिल्या पातळीवर तालुका चढत्या क्रमाने आणि ‘ॲड लेव्हल’ने दुसऱ्या पातळीवर क्विंटल उतरत्या क्रमाने निवडले, तर कळंब १८, कळंब ९, राळेगाव २५, राळेगाव १२, वणी ३० अशी यादी लागते. येथे दोन ओळींचा तालुका सारखा निघाला तरच क्विंटल विचारात घेतले जाते. याउलट, आधी तालुका आणि नंतर क्विंटल असे दोन स्वतंत्र सॉर्ट केले, तर वणी ३०, राळेगाव २५, कळंब १८, राळेगाव १२, कळंब ९ असा क्रम येतो आणि तालुके विखुरतात, कारण शेवटचा सॉर्ट सगळ्या ओळी नव्याने लावतो आणि आधीचा क्रम फक्त समान क्विंटलच्या ओळींपुरता उरतो.

म्हणूनच स्वतंत्र सॉर्टच करायचे असतील, तर ते उलट्या क्रमाने, म्हणजे आधी क्विंटल आणि शेवटी तालुका असे करावेत. यादी पातळ्यांच्या सॉर्टसारखीच लागते. मात्र त्यासाठी सॉर्टच्या रकान्यात सारखीच नोंद असलेल्या ओळींचा आधीचा क्रम न मोडणारा, म्हणजेच स्थिर सॉर्ट लागतो. प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी पायथॉनचा सॉर्ट तशी हमी देतो, जावास्क्रिप्टच्या मानकात ती २०१९ मध्ये आली, आणि सी भाषेच्या प्रमाणित ‘क्यूसॉर्ट’ या सॉर्टच्या फंक्शनला ती आजही नाही. डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या एसक्यूएल भाषेत तर आधी लावलेल्या क्रमावर विसंबूच नये. क्रम सांगणाऱ्या एकाच ‘ऑर्डर बाय’मध्ये दोन्ही रकाने स्वल्पविराम देऊन लिहावेत आणि ‘डेस्क’ हा शब्द ज्या रकान्याला उतरता क्रम हवा त्याच्याच पुढे लिहावा, कारण तो बाकीच्यांना लागू होत नाही.

माझ्या मते, पैसे चुकते करण्याच्या यादीसाठी पातळ्यांचाच सॉर्ट वापरावा, कारण कोणता रकाना मुख्य आहे हे त्या खिडकीत वरून खाली स्पष्ट दिसते आणि तपासणाऱ्यालाही ते वाचता येते. एक्सेल २००३ मध्ये अशा तीनच पातळ्या मिळत. २००७ पासून ६४ मिळतात, त्यामुळे जागेची अडचण उरलेली नाही. तालुका आणि क्विंटल दोन्ही सारखे असणारे शेतकरी मोठ्या यादीत हमखास सापडतात, आणि त्यांचा आपसातला क्रम कोणीच ठरवलेला नसतो; तेथे काटापट्टीचा, म्हणजे वजनाच्या पावतीचा, क्रमांक तिसऱ्या पातळीवर घ्यावा, म्हणजे मूळ नोंदी कोणत्याही क्रमाने भरल्या असल्या तरी छापील यादी तीच निघते.