लूसिए, झाक

(२६ ऑक्टोबर १९३४–५ मार्च २०१९). फ्रेंच पियानोवादक व संगीतरचनाकार. अठराव्या शतकातील जर्मन संगीतकार बाख यांच्या रचना पियानो, डबल बास व ड्रम या त्रयीतून जॅझच्या अंगाने मांडणाऱ्या ‘प्ले बाख’ या उपक्रमामुळे त्यांची ख्याती झाली. जन्म पश्चिम फ्रान्समधील आँजे येथे. पियानोचे उच्च शिक्षण पॅरिसच्या कॉन्झर्व्हेत्वारमध्ये ईव्ह नात यांच्याकडे झाले. शिक्षणाच्या व उमेदवारीच्या काळात चरितार्थासाठी त्यांनी शार्ल अझनावूर, कातरीन सोव्हाज अशा गायकांना साथ केली.

बाखला जॅझची जोड देण्याची कल्पना त्यांना नेमकी केव्हा सुचली, याविषयी एकवाक्यता नाही. आणि याला बऱ्याच अंशी त्यांच्याच मुलाखती कारणीभूत आहेत. एका हकिगतीनुसार, लहानपणी बाखची एक छोटी रचना पुन्हापुन्हा वाजवताना त्यांनी तिच्यात स्वतःचे स्वर मिसळायला सुरुवात केली. दुसऱ्या हकिगतीनुसार, विद्यार्थिदशेत बाख वाजवताना स्मरणाने दगा दिला आणि वेळ निभावण्यासाठी त्यांना पुढचा भाग उपजेने रचावा लागला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तरीही प्रश्न एकट्या लूसिएंचा नाही. १९३७ मध्ये पॅरिसमध्येच एडी साउथ, स्तेफान ग्रापेली व जँगो राइनहार्ट यांनी बाखच्या दोन व्हायोलिनांच्या डी मायनर कॉन्चेर्तोच्या (एकल वादक व वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेच्या) पहिल्या भागाचे स्विंग ढंगाने ध्वनिमुद्रण केले होते. अमेरिकेत मॉडर्न जॅझ क्वार्टेटचे जॉन लुईस १९५० च्या दशकात फ्यूगचे (एकच स्वरसूत्र क्रमाक्रमाने अनेक स्वरधारांत गुंफण्याचे) तंत्र जॅझमध्ये आणत होते. बाखवर भर घालण्याची प्रथा तर त्याहून जुनी आहे : बाखच्या सी मेजर प्रिल्यूडवर (छोट्या प्रास्ताविक रचनेवर) फ्रेंच संगीतकार गुनोने १८५३ मध्ये स्वतंत्र धून बसवली, तीच पुढे ‘आवे मारिया’ म्हणून घरोघरी पोहोचली. त्यामुळे लूसिए यांना या संकराचे जनक म्हणण्यापेक्षा त्याला मैफलीचे स्थिर रूप देणारे कलावंत म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

१९५९ मध्ये त्यांनी बासवादक प्येर मिशलो व ड्रमवादक क्रिस्त्याँ गारोस यांच्यासह त्रयी स्थापन केली. मिशलो हे तोवर नावाजलेले होते; १९५७ मध्ये पॅरिसला अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांनी केलेल्या चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणात बास त्यांचाच होता. डेक्का कंपनीने काढलेली पहिली तबकडी चालली आणि क्रमांक पाचपर्यंत मालिका वाढली. पहिल्या १५ वर्षांत ६० लाखांहून अधिक तबकड्या खपल्याचे सांगितले जाते.

या वादनाचे मर्म सी मेजर प्रिल्यूडमध्ये (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ८४६) स्पष्ट दिसते. मूळ रचनेत जवळजवळ अखेरपर्यंत प्रत्येक मापात आठ स्वरांची एकच आकृती दोनदा येते. स्वतंत्र धून अशी नाहीच, बदलत जातात ते केवळ स्वरसंघ (कॉर्ड). जॅझवादकाला उपजेसाठी स्वरसंघांची हीच साखळी लागते. लूसिए आरंभी संहितेला धरून चालतात, मग बास व ड्रम ठेका धरतात, सम मूल्याचे स्वर विषम होऊन डोलू लागतात आणि उजवा हात संहिता सोडून फिरू लागतो. फ्यूगमध्ये एवढी मोकळीक नसते. तेथे दोन्ही हात एकमेकांत गुंतलेल्या स्वरधारांनी अडलेले असतात, आणि ड्रमच्या सततच्या आघातांनी त्या धारा पुसट होतात, हा शास्त्रीय संगीताच्या समीक्षकांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. जॅझच्या गोटातून उलट तक्रार आली, की यात ठरवून बसवलेले फार आणि जोखीम थोडी. समर्थक बरोक काळातील ‘बासो कंतिन्युओ’कडे बोट दाखवतात : तेथेही वादकाला खर्जाची ओळ व आकडे एवढेच दिलेले असत, वरचे स्वर त्याने जागेवर भरायचे असत. हा युक्तिवाद तालाच्या बाबतीत लंगडा पडला, तरी खर्जाच्या बाबतीत टिकतो. जॅझमधला चालता बास (ठेक्यागणिक एकेक स्वर घेत पुढे सरकणारी खर्जाची ओळ) आणि बाखची खर्जओळ यांचे काम बरेचसे सारखेच आहे.

ब्रिटनमध्ये त्यांचा बाख पोहोचला तो मुख्यतः जाहिरातीतून. तिसऱ्या ऑर्केस्ट्रा स्वीटमधील ‘एअर’चे त्यांचे रूप हॅम्लेट सिगारच्या दूरचित्रवाणी जाहिरातींत वर्षानुवर्षे वाजत राहिले. १९९१ मध्ये तेथे सिगारच्या अशा जाहिरातींवर बंदी आली.

१९७८ च्या सुमारास त्रयी विसर्जित झाली. त्याआधी लूसिए यांनी प्रोव्हान्समधील मिराव्हाल येथे ध्वनिमुद्रणगृह उभारले होते; पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक गटाच्या ‘द वॉल’ या गीतसंग्रहाचा काही भाग तेथे मुद्रित झाला. १९८५ या बाखच्या त्रिशताब्दी वर्षी त्यांनी व्हँसाँ शार्बोन्ये (बास) व आंद्रे आर्पिनो (ड्रम) यांच्यासह त्रयी पुन्हा बांधली. पुढे व्हिव्हाल्डी, साती, राव्हेल, दबुसी यांच्या रचनाही त्यांनी हाती घेतल्या. सातीच्या संथ स्वरसंघांत त्यांना पुरेशी जागा मिळाली. राव्हेलच्या ‘बोलेरो’त मुळातच अखंड ड्रम असल्याने जॅझच्या ठेक्याला तेथे वेगळे काही करण्यास फारसा वाव नव्हता.

त्यांनी चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी संगीत दिले. ‘ल्युमिएर’ ही मासरचना (ख्रिस्ती उपासनेसाठीची गायनरचना) व व्हायोलिन कॉन्चेर्तो ही त्यांची स्वतंत्र निर्मिती. आपली ‘प्युल्सिओं’ ही रचना परवानगीविना वापरल्याचा दावा त्यांनी २००२ मध्ये रॅप गायक एमिनेमविरुद्ध लावला. तो न्यायालयाबाहेर मिटला. २०११ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर ते मैफलींतून निवृत्त झाले. फ्रान्समधील ब्लवा येथे त्यांचे निधन झाले.