शिष्यत्वाची अट नेमकी कोणासाठी?

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या चौदाव्या अध्यायात येशूमागे लोकांची गर्दी चालली आहे. तो वळतो आणि बजावतो, की आईवडील, बायकामुले, स्वतःचा जीवही दुय्यम न मानणाऱ्याला, आपला वधस्तंभ न उचलणाऱ्याला, सर्वस्व न सोडणाऱ्याला माझा शिष्य होता येणार नाही. बुरूज बांधणारा आधी खर्चाचा हिशेब करतो, तसा तुम्हीही करा. हे निवडक बारा अनुयायांना नव्हे, अख्ख्या गर्दीला सांगितले आहे. ही अट सर्वांसाठी की मोजक्यांसाठी, हा पुढचा सगळा वाद इथूनच सुरू होतो.

इ.स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती विचारवंताने श्रीमंतांना दिलासा दिला: संपत्ती टाकू नका, तिचा लोभ टाका. ही सोयीची वाट आजही सर्वांत जास्त वापरात आहे. इजिप्तमधल्या अँथनी या संन्याशाला मात्र ती पटली नसती. २७०च्या आसपास ‘असेल ते विकून गरिबांना दे’ हे वचन त्याने चर्चमध्ये ऐकले आणि वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली. बहिणीसाठी थोडे पैसे राखले होते, तेही नंतर वाटले आणि तिला व्रतस्थ स्त्रियांकडे सोपवले. (तिचे मत चरित्रकाराने नोंदवलेले नाही.) ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, छळ ओसरला, आणि हळूहळू कठोर अटी मठवासीयांसाठी, दहा आज्ञांसारखे साधे नियम इतरांसाठी, अशी वाटणी रूढ झाली.

ही वाटणी मोडू पाहणाऱ्यांचे नशीब सारखे नव्हते. फ्रान्समधल्या लिऑनचा व्यापारी वाल्डो याने बाराव्या शतकात संपत्ती सोडून उपदेश सुरू केला. ११८४ मध्ये त्याचे अनुयायी बहिष्कृत ठरले. असिसीच्या फ्रान्सिसने जवळपास तेच केले, पण पोपची संमती मिळवली.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याने मठ आणि संसार यांतली उच्चनीचता नाकारली, प्रत्येकाचे रोजचे कामच देवाने दिलेले पाचारण मानले. त्याच परंपरेतल्या डीट्रिश बोनहोफरला १९३७ मध्ये वाटले, की त्यातून चर्चने फक्त ‘स्वस्त कृपा’, म्हणजे काहीच न सोडता मिळणारी देवाची क्षमा, उचलली आणि अनुसरण सोडून दिले. नाझी राजवटीविरुद्ध उभ्या राहिलेल्या या पाळकाला एप्रिल १९४५ मध्ये फाशी झाली.

न्यूयॉर्कच्या डोरोथी डे यांनी १९३३ मध्ये ‘कॅथलिक वर्कर’ हे वृत्तपत्र सुरू केले आणि बेघरांसाठी घरे उघडली. त्या जोगीण नव्हत्या. पत्रकार होत्या, आणि एका मुलीला एकट्याने वाढवत होत्या.