सेशन फाइलीतून टेबलात

सकाळी पोदेर, म्हणजे गोव्यातला पाववाला, दारात येऊन पों-पों करतो, तेव्हा आपल्याकडे रोज किती पाव लागतात हे त्याला सांगावं लागत नाही. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला मात्र दर खेपेला नव्याने ओळख द्यावी लागते. त्यावर तोडगा म्हणून नेटस्केपमधल्या लू मॉन्टुलीने 1994 साली कुकी काढली, म्हणजे साइटने ब्राउझरकडे ठेवलेली छोटी चिठ्ठी. ब्राउझरकडे फक्त एक क्रमांक ठेवायचा आणि बाकीचा हिशेब सर्व्हरवर, ही सेशनची रीत पुढे तिच्यावरच उभी राहिली.

साइट लिहायच्या पीएचपी भाषेच्या 2000 सालच्या चौथ्या आवृत्तीत सेशनची सोय आयतीच आली. माहिती एका फाइलीत जाई, तीही बहुधा टेंप फोल्डरमध्ये. सर्व्हर एकच असेल तर यात काही वावगं नाही.

कळंगुटच्या एका हॉटेलच्या बुकिंग साइटला आम्ही डिसेंबरच्या गर्दीआधी दुसरा सर्व्हर जोडला आणि गंमत सुरू झाली. पाहुण्याने निवडलेली खोली पुढच्या पानावर गायब, रिफ्रेश केलं की पुन्हा हजर! फाइल पहिल्या सर्व्हरवर होती, विनंती दुसऱ्याकडे जात होती. डेटाबेस दोघांचा सामाईक, म्हणून सेशन तिथे हलवलं. तीन रकान्यांचं टेबल: क्रमांक, मजकूर, शेवटची वेळ.

खरी डोकेदुखी त्यानंतरची. मायएसक्यूएल डेटाबेसच्या मायआयसॅम या टेबल-प्रकारात लिहिताना अख्खं टेबल लॉक होई, बाकीच्यांना थांबावं लागे, आणि सेशन तर दर पानाला लिहिलं जातं. ओळीपुरतं लॉक करणारा इनोडीबी हा प्रकार मायएसक्यूएलमध्ये डीफॉल्ट झाला तो आवृत्ती 5.5 पासून, म्हणजे 2010 मध्ये. शिवाय फाइल असताना पीएचपी ती स्वतःच लॉक करत असे. टेबलासाठी हाताने लिहिलेल्या कोडमध्ये हे हमखास राहून जाई, मग दोन टॅब एकमेकांचं लिहिलेलं पुसत. आमच्याकडूनही राहिलंच होतं. त्यात कुकी न ठेवणारे बॉट, म्हणजे आपोआप साइट चाळणारे प्रोग्राम, दर भेटीला नवी ओळ टाकून जात.

मधल्या काळात माहिती मेमरीत ठेवणाऱ्या वेगळ्या सर्व्हिस निघाल्या: मेमकॅश्ड आलं (2003), रेडिस आलं (2009). साइट बांधायच्या तयार चौकटींपैकी रेल्स 2.0 ने तर 2007 मध्ये सगळा मजकूरच कुकीत भरला. जँगो मात्र डेटाबेसलाच धरून राहिलं, आणि 2024 च्या लाराव्हेल 11 मध्ये सेशनचं डीफॉल्ट ठिकाण फाइलीऐवजी डेटाबेस झालं. मध्यम आवाक्याच्या साइटला माझ्या मते हेच बरं. आणखी एक सर्व्हिस सांभाळायची कटकट नाही.

त्या हॉटेलचं टेबल अजून तीन रकान्यांचंच आहे. जुन्या ओळी आता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम करणारा प्रोग्राम, पुसतो, पहाटे, पोदेर यायच्या आधी.