हर्नियाची जाळी शरीर ‘फेकून’ देतं का?

‘पट्टा बांधा, हर्निया बसून जाईल. ऑपरेशन केलं तर शरीर जाळी फेकून देतं.’ नागपूरच्या कळमना बाजारात पोती वाहणाऱ्यांपासून सीताबर्डीच्या दुकानदारांपर्यंत हा सल्ला ऐकू येतो. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या भोकातून आतलं आतडं वा चरबी बाहेर फुगणं; ऑपरेशनमध्ये त्या जागी आधाराला जाळी बसवतात. पट्टा फुगवटा दाबून धरतो एवढंच; पोटाच्या भिंतीतलं भोक तसंच राहतं. बाळाच्या फुगलेल्या बेंबीवर नाणं बांधतात तेही असंच. ते भोक बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांत आपोआप बुजतं, श्रेय मात्र नाण्याला मिळतं. मोठ्यांत ते आपोआप बुजत नाही.

इटलीचे सर्जन एदोआर्दो बासिनी यांनी १८८७ मध्ये जांघेच्या हर्नियात स्नायूंचे थर ओढून शिवण्याची पद्धत मांडली. पण जीर्ण धोतराच्या कडा ताणून शिवल्या की शिवणीशेजारीच फाटतं, तसंच इथे होतं. त्यात अनेक रुग्णांच्या ऊतींत मजबूत, पहिल्या प्रकारचं कोलॅजेन (ऊतींना बळ देणारं तंतुमय प्रथिन) तिसऱ्या प्रकाराच्या मानाने कमी असतं. अमेरिकेचे सर्जन लिख्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात ताण टाळून थेट जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली.

पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची जाळी परकी आहे हे शरीराला लगेच कळतं. परक्या वस्तूंवर तुटून पडणाऱ्या मॅक्रोफेज पेशी धावून येतात, त्यांच्या संदेशांवर तंतू बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी येतात आणि छिद्राछिद्रांतून कोलॅजेन विणू लागतात. ज्या प्रतिक्रियेची लोकांना भीती वाटते, तीच जाळीला भिंतीत रुजवते! म्हणून तर छिद्रं मोठी हवीत, साधारण एक मिलिमीटरहून जास्त. ती बारीक असली तर धाग्याधाग्याभोवतीचे व्रण एकमेकांना जुळतात आणि अख्खी जाळी कडक होऊन आकसते.

जाळी कुठल्या थरात ठेवली हेही महत्त्वाचं. स्नायूंच्या मागे, पेरिटोनियमच्या (पोटाच्या पोकळीच्या आतल्या पातळ अस्तराच्या) बाहेर ठेवली तर खोकताना पोटातला दाब तिला भिंतीवरच दाबून धरतो. दुर्बिणीतून केलेल्या टीएपीपी (पोटाच्या पोकळीतून जाऊन) आणि टीईपी (पोकळीत न शिरता) या शस्त्रक्रियांत जांघेची जाळी याच थरात बसते. उघडी जाळी आतड्याला लागली तर चिकटते; पोटाच्या आत ठेवायची असेल तर त्या बाजूला लेप असलेली वापरतात.

जाळीत जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे खरं. धूम्रपान आणि ताब्यात नसलेला मधुमेह हा धोका वाढवतात, म्हणून सर्जन आधी बिडी-सिगारेट सोडायला लावतात. पुरुषांच्या जांघेच्या हर्नियाचा त्रास नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया काही काळ लांबवता येते. पण गाठ अचानक कडक झाली, दुखू लागली, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तेव्हा गाठ दाबत बसू नका, त्याच तासाला रुग्णालय गाठा.