व्हायकिंग तलवारीची मूठ : नक्षीमागची पार्श्वभूमी

व्हायकिंग तलवारीची प्रतिकृती करायला घेतलेला कारागीर, मग तो पोलंडमधला असो, अमेरिकेतला असो की देहरादूनचा, पात्याआधी एक अक्षर ठरवतो. एच, के, एल, एस. गिऱ्हाईकही त्याच अक्षरात मागणी नोंदवते. ही अक्षरे व्हायकिंगांची नाहीत. १९१९ साली एका नॉर्वेजियन पुरातत्त्वज्ञाने आपल्या देशातल्या तलवारींची वर्गवारी करताना ती दिली, ए पासून झेडच्या पुढे थेट नॉर्वेजियन लिपीतल्या जोडाक्षरापर्यंत. वर्गवारीचा आधार मूठ होता. त्याला कारण सरळ होते. मातीत हजार वर्षे पडलेली पाती गंजून एकसारखी दिसू लागतात, मुठीचे जाड लोखंड आणि त्यावरची चांदी मात्र बऱ्यापैकी टिकते.

या एका निर्णयाचा परिणाम आजवर पुरतो आहे. अक्षर मुठीच्या आकारावरून पडले, ती कशी जोडली होती यावरून नव्हे. त्यामुळे पुढची कित्येक दशके प्रतिकृती करणाऱ्यांनी बाह्यरेषा उचलली आणि जोडणी सोडून दिली. माझ्या मते प्रतिकृतींच्या मुठी ‘बरोबर असूनही चुकीच्या’ दिसतात त्याचे मूळ इथेच आहे.

मूळ मूठ चार तुकड्यांची. पात्याला लागून खालची आडपट्टी, मग लाकूड, शिंग किंवा हाडाची पकड, मग वरची आडपट्टी, आणि तिच्यावर बोंड. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा अरुंद भाग, या सगळ्यांतून आरपार जात नसे. ती वरच्या आडपट्टीतून बाहेर काढून ठोकून चपटी केली जाई, आणि तिच्यावर झाकणासारखे बोंड वेगळ्या रिव्हेटांनी बसे. म्हणजे बोंड आतून पोकळ असू शकते, आणि बोंड व आडपट्टी यांच्यामध्ये एक खरी फट असते. त्या फटीत पीळ दिलेली चांदीची तार बसवलेली पुष्कळ मुठींवर दिसते. ती तार शोभेची खरीच, पण तिची जागा जोडणीने ठरवली आहे. बोंड आणि आडपट्टी एकाच ओतीव तुकड्यात केली की फट उरत नाही, मग तार नुसती कोरून दाखवावी लागते. जाणकाराची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. दहाव्या शतकाच्या पुढे एकसंध बोंडांची चाल वाढली, तिथे ही तक्रार लागू नाही. १९९१ साली जर्मनीत झालेल्या वर्गवारीने जोडणीच्या पद्धतीलाच स्वतंत्र स्थान दिले, पण तोवर सत्तर वर्षांची सवय लागलेली होती.

नक्षीचा प्राचीन इतिहास थोडक्यात. व्हायकिंगांच्या आधीच्या शतकांत सोने आणि गार्नेटचे लाल खडे मुठींवर मिरवत. आठव्या-नवव्या शतकात भर लोखंडावर धातू चढवण्याकडे आला. एच प्रकारात लोखंडावर अगदी जवळजवळ उभ्या चिरा पाडून त्यांत चांदी, तांबे किंवा पितळेच्या तारा ठोकून बसवत. त्या इतक्या दाट की घासल्यावर लोखंड दिसेनासे होऊन सलग धातूचा पत्रा चढवल्याचा भास व्हावा. नंतरच्या काळात जाळीसारख्या ओरखड्यांनी खरबरीत केलेल्या पृष्ठभागावर चांदी ठोकण्याची रीतही दिसते. ही दुसरी रीत आपल्याकडे उदयपूरला आजही जिवंत असलेल्या कोफ्तगरीची सख्खी बहीण वाटावी अशी आहे. दोघींचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध आहे असे म्हणण्याला आधार नाही, पण हात कसा चालतो हे समजून घ्यायला तो कारागीर पाहणे हजार फोटोंपेक्षा बरे. इंग्लंडात तेव्हा चांदीच्या पट्ट्यांवर प्राणी कोरून खाचांत निएलो हे धातूचे काळे मिश्रण भरत. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला १८७४ साली सापडलेली मूठ त्याचा उत्तम नमुना. उत्तर यॉर्कशरमध्ये गिलिंगच्या ओढ्यात १९७६ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला सापडलेल्या तलवारीवरही चांदीच्या पट्ट्या आहेत. डेन्मार्कमधल्या मामेन इथल्या कबरीतली कुऱ्हाड तलवार नसली तरी तिच्या चांदीच्या तारकामावरून एका शैलीला नाव पडले. ती कबर झाडाच्या वर्तुळांवरून ९७०-७१च्या हिवाळ्यातली ठरली आहे. प्रतिकृतींवर हीच नक्षी वारंवार दिसते, अनेकदा तिच्याहून शंभर वर्षे जुन्या प्रकारच्या मुठीवर. आणि हेही सांगायला हवे की नॉर्वेत मोठ्या संख्येने मिळालेला एम प्रकार जवळपास बिननक्षीचा आहे. साध्या मुठीची प्रतिकृती फारशी कुणी मागत नाही, म्हणून व्हायकिंग काळाचे चित्र होते त्यापेक्षा जास्त चकचकीत झाले आहे.

आता ज्या निर्णयावर कारागीर सगळ्यांत जास्त भांडतात तो. मुठीवर रून, म्हणजे व्हायकिंगांची लिपी, कोरावी का?

कोरणाऱ्यांचा आधार आहे जुन्या नॉर्समधले, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतले, एक काव्य. त्यात एक वाल्किरी, म्हणजे युद्धकन्या, वीराला शिकवते की विजय हवा असेल तर तलवारीच्या ‘ह्याल्ट’वर विजयाच्या रून्स कोर, काही ‘व्हेत्त्रिम’वर, काही ‘व्हालबस्त’वर, आणि त्यूर देवाचे नाव दोनदा घे. वाचायला स्पष्ट. पण यातला एकही शब्द कारागिराला सरळ जागा दाखवत नाही.

ह्याल्ट म्हणजे काय? इंग्रजी भाषांतरांत कधी मूठ, कधी आडपट्टी, कधी बोंड येते. जुन्या नॉर्समध्ये वरचे ह्याल्ट आणि खालचे ह्याल्ट अशी जोडी आहे. दोन्हींचे मिळून अनेकवचन झाले की त्याचा अर्थ अख्खी मूठ. पकडीला शब्द आहे ‘मेदालकाफ्ली’, म्हणजे मधला तुकडा. मूठ ही त्या लोकांच्या मनात दोन सारख्या आडपट्ट्या आणि त्यांच्यामधली जागा अशी होती. इंग्रजीने एका टोकाला गार्ड म्हटले, दुसऱ्याला पॉमेल, आणि जोडी मोडली. नॉर्वेच्या संग्रहालयांच्या नोंदींत आजही वरचे ह्याल्ट, खालचे ह्याल्ट आणि बोंड असे वेगळे शब्द येतात. गार्ड म्हटले की हाताचे रक्षण डोळ्यापुढे येते. मराठा तलवारीची बोटांवरून वळणारी परज पाहिलेल्या माणसाला तर हमखास. पण व्हायकिंगांची खालची आडपट्टी इतकी आखूड आहे की तिचे काम वेगळे असावे. हात पुढे सरकू नये आणि दोन आडपट्ट्यांच्या बेचक्यात घट्ट बसावा, एवढेच. पकड जेमतेम नऊ सेंटिमीटरच्या आसपास असते. बाजारातल्या प्रतिकृतींत ती सर्रास लांबवतात. त्याने हाताला आराम पडत असेल, पण वरची आडपट्टी तळव्याच्या कडेला टेकायची ती सुटते आणि नक्षीचे सगळे प्रमाण बिघडते.

‘व्हेत्त्रिम’ आणि ‘व्हालबस्त’ यांचा अर्थ तर लागलेलाच नाही. कुणी पहिला शब्द पात्याच्या मधल्या भागाला लावतात, कुणी मुठीवरच्या पट्टीला. दुसऱ्या एका काव्यात व्हालबस्तवर साप शेपटी टाकतो असे येते. त्यावरून ती पात्यावरची घडणीची नागमोडी रेघ असावी असे काहींना वाटते, तर काहींना मुठीवरचा कोरलेला साप. ही काव्ये ज्या हस्तलिखितात आहेत ते आइसलँडमध्ये तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिले गेले, म्हणजे व्हायकिंग काळ संपल्यावर दोनेकशे वर्षांनी.

जमिनीतून निघालेला पुरावा मोजकाच आहे. केंटमधल्या गिल्टनच्या चांदीच्या बोंडावर रून्स आहेत, पण ते सहाव्या शतकातले, व्हायकिंगांच्या आधीचे, इंग्लंडातले अँग्लो-सॅक्सन काम. नॉर्वेतल्या एका उत्तरकालीन मुठीच्या कड्यावर रून्समध्ये करणाऱ्याचे आणि मालकाचे नाव आहे. त्यात विजयाचा मंत्र नाही. आडपट्टीवर लॅटिन लिपीत नाव मात्र आढळते. आयर्लंडमध्ये बॅलिंडेरीला १९२८ साली सापडलेल्या तलवारीच्या मुठीवर ‘हिल्टिप्रेख्त’ असे नाव आहे, पात्यावर ‘उल्फबर्ख्त’. म्हणजे मुठीचा कारागीर आणि पात्याचा कारागीर वेगळे असू शकत, आणि मूठ करणाऱ्यालाही आपले नाव मिरवावेसे वाटे. हा पुरावा मला त्या मंत्रापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. तरीही विकल्या जाणाऱ्या मुठींवर हिल्टिप्रेख्त क्वचित दिसतो आणि त्यूरची खूण जागोजागी.

या आवडीला एकोणिसाव्या शतकाचा हातभार आहे. नॉर्वेत गोकस्टाडचे व्हायकिंग जहाज १८८०मध्ये आणि ओसेबर्गचे १९०४मध्ये उकरले गेले. त्या दरम्यान नॉर्वेत ‘ड्रॅगन शैली’ची चांदीची भांडी, दागिने, लाकडी इमारती निघाल्या. १८९३ला गोकस्टाडच्या जहाजाची प्रतिकृती समुद्र ओलांडून शिकागोच्या प्रदर्शनाला गेली. स्वीडनपासून स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या देशाला जुन्या वैभवाची निशाणी हवी होती आणि ती नक्षीदारच हवी होती. संग्रहालये तेव्हा विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून हुबेहूब नकला काढत. त्या दिसायला अचूक, पण आतून रिकाम्या.

दुसरी लाट १९७०च्या दशकातली, युरोपात ऐतिहासिक लढायांचे प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींची. त्यांना पाते बोथट पण मजबूत हवे होते आणि मूठ स्वस्त. मग एका ओतीव साच्यातल्या पितळी मुठी आल्या, शेपटीला आटे आणि नट आले. देहरादूनच्या कारखान्यांतून पश्चिमेकडे जाणाऱ्या तलवारींत या घडणीचा मोठा वाटा आहे. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण ज्यांनी पुढे हाताने तारकाम सुरू केले त्यांतल्या अनेकांची पहिली तलवार अशीच होती.

वळण आणले क्ष-किरणांनी आणि संग्रहालयातल्या धातुसंवर्धकांनी. गंजाखालची चिरांची रांग फिल्मवर मोजता येऊ लागली, तेव्हा कळले की तारा किती बारीक आहेत आणि छिन्नी कुठे घसरली आहे. आज मेणाचा नमुना थ्री-डी प्रिंटरमधून निघतो, स्कॅनवरून बोंडाचा आकार मिलिमीटरच्या अंशापर्यंत मिळतो. चिरा पाडून तार बसवणे मात्र अजून हातानेच करावे लागते.

२०११ साली दक्षिण नॉर्वेत सेटेस्डालमधल्या लांगाइडला कबरीच्या कडेला सापडलेल्या तलवारीने या सगळ्याला मोठी चालना दिली. लांबी ९४ सेंटिमीटर, पकडीला चांदीची तार, आडपट्टी आणि बोंडावर चांदी, त्यावर सोन्याची नक्षी, कडांना तांब्याच्या मिश्रधातूची तार. बोंडावर क्रूस धरलेला हात. त्याच कबरीत इंग्लंडच्या राजा एथेलरेडचे नाणे निघाले. पुढे तिची प्रतिकृती करण्यात आली ती लोहार, धातुकलाकार आणि संवर्धक यांच्या मिळून केलेल्या कामातून, जुन्या पद्धतीने. मूळ मुठीवर लॅटिन वाटणारी अक्षरे आणि खुणा आहेत, त्यांचा एकत्र अर्थ लागत नाही. प्रतिकृतीसाठी त्यांना अर्थ देण्याचा प्रयत्न झाला नाही. जिथे जे चिन्ह होते, तिथे ते सोन्यात उतरवले गेले.