दमलेला माणूस आणि खचलेला माणूस

नाशिकजवळच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली दुसरी पाळी सुटली की पाथर्डी फाट्याकडे निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसलेली दोन माणसे एकच वाक्य बोलतात, “उद्या यायलाच नको वाटतं.” दोघांचेही डोळे ओढलेले असतात, घरी गेल्यावर कुणाशी बोलण्याचे त्राण दोघांतही उरलेले नसते, आणि घरची मंडळी दोघांनाही एकच सल्ला देतात की चार दिवस रजा काढ, त्र्यंबकला नाहीतर गडावर जाऊन ये, बरे वाटेल. पहिल्याला त्या सल्ल्याने खरोखरच बरे वाटते. दुसऱ्याच्या पोटात मात्र सप्तशृंगीच्या पायऱ्या उतरतानाच गोळा येऊ लागतो, कारण परवा सकाळी साहेबांसमोर उभे राहायचे आहे. पहिला माणूस दमलेला आहे आणि दुसरा खचलेला आहे. बोलताना आपण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो, परंतु ही दोन निरनिराळी दुखणी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर खचलेल्याचे दुखणे वाढते, हे मी अंबडच्याच एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करताना जवळून पाहिले आहे.

दमण्याविषयी फार लिहायची गरज नाही, कारण नाशिककरांना ते चांगले ठाऊक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरी परिसरातल्या पॅकहाऊसमध्ये निर्यातीची द्राक्षे भरणाऱ्या बायका दिवसभर उभ्या राहून कात्रीने घडातले खराब मणी काढत असतात आणि संध्याकाळी त्यांचे पाय सुजलेले असतात. तरी हंगाम कधी संपणार हे त्यांना माहीत असते आणि आपण भरलेली पेटी तपासणीत पास झाली की नाही हे त्यांना डोळ्यांनी दिसते. २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी ज्यांनी बंदोबस्त सांभाळला, बस चालवल्या किंवा गोदाघाट झाडून काढला, ती माणसे आजही त्या दिवसांविषयी अभिमानाने बोलतात. दमणूक कामाच्या प्रमाणात येते, तिला शेवट असतो, आणि झोप, रजा व वेळेवर मिळालेला जादा कामाचा मोबदला यांनी ती भरून निघते.

खचणे हे कामाच्या प्रमाणात येत नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो. माणूस आठ तासांच्या साध्या पाळीतही खचतो, कधीकधी तर काम कमी असतानाही. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने १९७९ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतील कामगारांच्या माहितीवरून जी मांडणी केली, तिचा गाभा असा आहे की कामाचा ताण केवळ कामाच्या मागणीतून ठरत नाही. मागणी मोठी असून ते काम कसे करायचे हे ठरवण्याचा अधिकार माणसाच्या हाती नसेल, तेव्हा तो सर्वाधिक होतो. वाईट वरिष्ठ हाच अधिकार काढून घेतो. सोमवारी ज्या पद्धतीने काम केले म्हणून शाबासकी मिळाली, त्याच पद्धतीसाठी गुरुवारी सगळ्या लाइनसमोर आवाज चढतो, तोंडी सांगितलेले काम अंगाशी आले की “मी असं कधी म्हणालो?” असे उत्तर मिळते, रजेचा अर्ज मंजूर होईल की नाही हे साहेबांच्या त्या दिवशीच्या मूडवर ठरते. आपण काय केले म्हणजे नीट होईल हेच कळेनासे झाले की माणूस नीट करण्याची धडपड सोडून देतो.

म्हणूनच कडक साहेब आणि वाईट साहेब यांची गल्लत करू नये. कडक माणसाच्या हाताखाली मी स्वतः चार वर्षे काढली. मायक्रोमीटरने घेतलेल्या मापांच्या नोंदीत एक आकडा खाडाखोड केलेला दिसला तर ते पूर्ण पान परत लिहायला लावत, पण तो नियम सर्वांना सारखा होता, काल होता तसा आज होता, आणि ग्राहकाची तक्रार आली तर आमच्या आधी ते स्वतः पुढे उभे राहत. त्या काळात आम्ही पुष्कळ दमलो, पण आमच्यापैकी कुणी खचल्याचे मला आठवत नाही.

खचण्याची लक्षणे ओळखायची असतील तर माणूस काय करतो यापेक्षा त्याने काय करणे बंद केले हे पाहावे लागते. दमलेला माणूस चिडतो, कुरकुर करतो, वेळापत्रकावर भांडतो, आणि त्या भांडणात अजून आशा असते. खचलेला माणूस भांडत नाही. आमच्या विभागात एक अनुभवी ऑपरेटर होते, ज्यांना मशिनचा आवाज किंचित बदलला तरी टूल झिजल्याचे कळत असे आणि ते लाइन थांबवून आम्हाला बोलावत. नवीन साहेब आल्यावर दोनदा त्यांना “प्रॉडक्शन कुणाच्या परवानगीने थांबवलं?” म्हणून चारचौघांत झापले गेले आणि एकदा मेमो मिळाला. त्यानंतर त्यांची हजेरी पूर्वीसारखीच होती, टार्गेटही पुरे होत होते आणि कागदावर ते अगदी उत्तम कामगार होते. फक्त आवाज बदलला तरी ते बोलावत नव्हते. एका रात्री रिजेक्शनचा ढीग लागला तेव्हा मी त्यांना विचारले, “अण्णा, तुम्हाला कळलं नव्हतं का?” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “कळलं होतं.” त्या दोन शब्दांनी मला जितके वाईट वाटले, तितके त्या वाया गेलेल्या मालाने वाटले नाही.

हा आळस नव्हता आणि सूडही नव्हता. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की ज्यांना विजेचा धक्का कोणत्याही प्रयत्नाने टाळता येत नव्हता, त्यांतले बरेचसे पुढे सुटकेची वाट उघडी असतानाही जागेवरून हलत नसत. या गोष्टीचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. २०१६ मध्ये त्याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासाच्या आधारे आपले जुने स्पष्टीकरण उलटे केले: दीर्घ त्रासात निपचित पडणे ही शिकलेली गोष्ट नसून तो मूळ प्रतिसाद आहे, शिकावे लागते ते हे, की आपल्या करण्याने काही बदलू शकते. अण्णांना चार दिवसांची रजा देऊन हे शिकवता आले नसते.

वरून दोन्ही दुखणी सारखी दिसतात याचे एक कारण असे की दीर्घकाळ न भरून निघालेली दमणूकही माणसाला खचण्याच्या जवळ नेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात कामामुळे येणाऱ्या अशा अवस्थेचे, म्हणजे ‘बर्नआउट’चे, वर्णन करताना तीन गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने तिला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले आहे. केवळ पहिली गोष्ट असेल तर दोष बहुधा कामाच्या तासांचा आणि अपुऱ्या माणसांचा असतो, आणि तेव्हा साहेबाला खलनायक ठरवणे अन्यायाचे होते, कारण पुष्कळदा तोही वरून आलेल्या आकड्यांखाली दबलेला असतो. दुसरी आणि तिसरी गोष्ट दिसू लागली की मात्र वागणुकीकडे पाहावे.

दमलेल्याने तासांविषयी बोलावे, पाळी बदलून मागावी, कारखान्यातल्या जादा तासांचे वेतन दुप्पट दराने मिळते आहे ना हे पगारपत्रकात तपासावे आणि रजा शिल्लक ठेवून मिरवू नये.

खचलेल्याने आधी हातातून गेलेला अधिकार थोडा थोडा परत मिळवावा. तोंडी आदेश मिळाला की “आपण सांगितल्याप्रमाणे हे काम असे करत आहे” एवढा एक सभ्य ओळीचा मेल किंवा संदेश पाठवावा. त्यामुळे साहेब बदलेलच असे नाही, पण उद्या पायाखालची जमीन सरकणार नाही. प्रसंग, तारीख आणि समोर कोण होते हे आपल्या वहीत त्याच दिवशी लिहावे, कारण सहा महिन्यांनी मनुष्यबळ विभागापुढे “ते नेहमीच बोलतात” या वाक्याला वजन नसते. ज्या कामावर साहेबांची छाया पडत नाही, असे एखादे काम, मग ते नव्या मुलाला माप तपासायचे गेज वापरायला शिकवण्याचे का असेना, आवर्जून हाती धरावे. त्रास लैंगिक स्वरूपाचा असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि पीडित महिलेने सामान्यतः तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते; त्याहून लहान आस्थापनेसाठी जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती असते. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. नोकरी सोडणे हाही उपाय आहेच, मात्र घराचा हप्ता चालू असताना रागाच्या भरात राजीनामा टाकण्यापेक्षा सातपूर किंवा सिन्नरला दुसरी जागा पाहून, अनुभवाचा दाखला हाती घेऊन निघावे.

अण्णांची पुढे त्याच कारखान्यात दुसऱ्या विभागात बदली झाली. तिथले साहेब भले होते, तरीही पहिले काही महिने अण्णा काही बोलले नाहीत. ते साहेब मात्र रोज पाळी सुरू होताना मशिनपाशी येऊन विचारत, “अण्णा, आज आवाज कसा आहे?”, आणि “ठीक आहे” एवढे उत्तर ऐकून पुढे जात. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी विचारायच्या आधीच अण्णांनी हात वर करून लाइन थांबवली.