जानूसचे डोके आणि जहाजाची नाळ : रोमच्या कांस्य नाण्यांची पार्श्वभूमी

रोममध्ये नाणी येण्यापूर्वी कांशाचे ओबडधोबड तुकडे तोलून व्यवहार होत असत. इ. स. पू. तिसऱ्या शतकात साच्यात ओतलेली जाड, गोल नाणी प्रचारात आली. त्यांतले मुख्य नाणे ‘आस’ सुरुवातीला सुमारे एक रोमन पौंडाचे, म्हणजे जवळपास ३२० ग्रॅमचे होते. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या प्रतिस्पर्धी सत्तेशी झालेले पहिले युद्ध इ. स. पू. २४१मध्ये समुद्रावरच्या विजयाने संपले, आणि त्यानंतरच्या काही दशकांत आसवरची चित्रे ठरून गेली : एका बाजूला दारांचा आणि आरंभाचा द्विमुखी देव जानूस, दुसऱ्या बाजूला युद्धनौकेची नाळ, म्हणजे तिचे पुढचे टोक. लहान नाण्यांवर मिनर्व्हा, हर्क्युलीस, मर्क्युरी असे वेगवेगळे देव असले, तरी मागे नाळ तीच होती. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी झालेल्या युद्धात धातूची इतकी चणचण भासली की इ. स. पू. २११च्या सुमारास आस मूळ वजनाच्या सहाव्या हिश्श्यावर आला. चित्रे मात्र बदलली नाहीत. आपण ‘छापा की काटा’ म्हणतो, तसे रोमची मुले नाणे उडवताना ‘डोकी की जहाजे’ असे ओरडत, आणि नाण्यांवरचे जहाज नाहीसे झाल्यानंतरही शतकानुशतके ओरडत राहिली.

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने इ. स. पू. २३च्या सुमारास चलनाची घडी नव्याने बसवली. चार आसांच्या किमतीचा ‘सेस्टर्शियस’ आता पिवळ्या, चकचकीत पितळेचा झाला. पुढच्या सम्राटांच्या काळात या रुंद नाण्याच्या दर्शनी बाजूवर सम्राटाचा चेहरा आणि मागे त्याच्या कारकिर्दीची ग्वाही देणारे चित्र, अशी रीत पडली. सन ७०मध्ये ज्यूंचे जेरुसलेम रोमन सैन्याच्या हाती पडल्यावर सम्राट व्हेस्पासियनने पाडलेला सेस्टर्शियस मला यांत सर्वांत बोलका वाटतो. मधोमध खजुराचे झाड, त्याच्या बुंध्याशी हातावर डोके टेकून बसलेली शोकमग्न स्त्री, आणि कडेने ‘यहुदिया (ज्यूंचा प्रदेश) जिंकली’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे. एका राष्ट्राचे दुःख असे बाजारातल्या सुट्ट्या पैशांत हातोहात फिरत होते, हे विसरता येत नाही. सम्राट अँटोनायनस पायस याच्या १५४-५५च्या आसवर ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातले ब्रिटनही, अशीच खिन्न बसलेली दिसते.

तिसऱ्या शतकातल्या भाववाढीत सेस्टर्शियस नाहीसा झाला. ३३०मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने कॉन्स्टॅंटिनोपलला राजधानीचा मान दिला, त्या सुमारास जुन्या रोमच्या नावानेही एक लहानसे कांस्य नाणे निघाले. त्यावर रोम्युलस आणि रीमस या दंतकथेतल्या जुळ्या भावांना, रोमच्या संस्थापकांना, पाजणारी लांडगी आहे. मान वळवून ती त्या दोन पोरांकडे पाहते आहे आणि वर दोन तारे आहेत.